हरेलीला उतरवलेल्या दोऱ्या

रायपूरला निघताना मी बॅगेत सुका जवळा घेतला होता, एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधून. तरी वास आलाच. त्यामुळे गाडीत माझ्याशी फारसं कोणी बोललं नाही आणि माझं वाचन झालं. प्रवासाचं एवढंच सांगण्यासारखं आहे. बाकी गाडी उशिरा निघाली आणि उशिरा पोचली.

जवळा धाकट्या बहिणीसाठी, वृंदासाठी. ती काही वर्षांपासून रायपुरात एका संस्थेत जंगलातल्या किड्यांचा अभ्यास करते. झाडं खाणारे किडे एकाएकी का वाढतात, आणि औषध न फवारता त्यांना आवर कसा घालता येईल, हे तिचं काम. मी गुहागरला शाळेत भूमिती शिकवत होते, आता निवृत्त आहे. मला किड्यांत रस नाही आणि तिला भूमितीत कधी नव्हता, म्हणून आमचं बरं जमतं.

"आषाढ संपायच्या आत ये आणि जवळा आण," असं तिने फोनवर सांगितलं होतं. आमच्या घरी श्रावण पाळतात. आषाढी अमावास्येला शेवटची मासळी खायची आणि मग महिनाभर तोंड बंद. तिथे तुला कोण बघतंय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोणी नाही. पण आधी जवळा खाल्ला की श्रावण सोपा जातो."

समता कॉलनी

वृंदा समता कॉलनीत वरच्या मजल्यावर राहते. खाली घरमालक, मेश्रामकाका. मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेत नोकरी करून इथेच राहिलेले. बायको सध्या मुलाकडे पुण्याला. त्यांनी माझी बॅग उचलली, जिन्याच्या दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"सुकट हाय का वो याच्यात?"

मी हो म्हटलं.

"मले वास आलाच. कधी करून राहिल्या मंग?"

"परवा अमावास्येला," वृंदाने वरून सांगितलं.

"आपल्याले श्रावण-बिवण काही नाही, आपण बुद्धाचे मानसं. पन परवापर्यंत थांबतो," काका म्हणाले आणि बॅग जरा जास्त जपून वर नेली.

त्यांना मराठीत बोलायला कोणी हवं असतं. शेजारच्या घरातली मराठी मुलं त्यांचं सगळं समजून घेतात आणि उत्तर हिंदीत देतात, अशी त्यांची तक्रार. त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन आहे आणि ती चालवायला निमित्त लागतं. वृंदाच्या संस्थेची गाडी बऱ्याचदा मिळत नाही, त्यामुळे जंगलात जायचं निमित्त त्यांना आयतंच मिळालेलं आहे.

संध्याकाळी आम्ही ब्राह्मणपाऱ्यात फिरून आलो. पारा म्हणजे मोहल्ला. जुनी घरं, देवळं, आणि चालणाऱ्याला अंगाशी घासून जाणाऱ्या दुचाक्या. रस्त्याच्या कडेला बायका कडुनिंबाचे डहाळे घेऊन बसल्या होत्या आणि एका ठिकाणी बांबूच्या उंच जोड्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. पाय ठेवायला मध्ये आडवी फळी, दोरीने आवळलेली. तिला गेडी म्हणतात. तिच्यावर उभं राहून हरेलीला चिखलातून चालायचं.

हरेली परवाच होती. म्हणजे आपली अमावास्याच, दिव्यांची. आपल्याकडे त्या दिवशी समया, निरांजनं, कंदील सगळे खाली काढतात, चिंचेने घासतात, पाटावर मांडून पूजतात. इथे दिवे नाही, अवजारं. कुदळ, विळा, नांगर, सगळं धुऊन अंगणात मांडायचं, टिळा लावायचा आणि त्या दिवशी कशालाही कामाला लावायचं नाही. दारावर कडुनिंब, शेतात भिलाव्याची फांदी, म्हणजे पिकाला कीड लागत नाही. इथला श्रावण मात्र आपल्या पंधरवडाभर आधी सुरू झालेला असतो, त्यामुळे बाजारात मासळीचा पत्ता नव्हता. मी जवळा आणला हे बरं केलं असं मला वाटलं.

साग

दुसऱ्या दिवशी आम्ही गरियाबंदच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पाणी भरलेली, आणि रोवणी करणाऱ्या बायका. आपल्याकडे लावणी म्हणतात, रोवणी म्हटलं की मला आधी खांब आठवतात. वाटेत टपरीवर चहा आणि तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे खाल्ले, टोमॅटोच्या झणझणीत चटणीबरोबर. काकांनी दोन वाट्या चटणी मागून घेतली.

भेलवाडीह गावाच्या पुढे सागाची सरकारी लागवड आहे. गाडी थांबली तेव्हा पाऊस नव्हता, पण रानात पाऊस पडल्याचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा. मी छत्री उघडली. वृंदा हसली.

"ताई, पाऊस नाही तो. अळ्यांची लेंडी आहे. वर खातात, खाली पडते."

छत्री मी मिटली नाही.

वर पाहिलं तर सागाची मोठी पानं होती, पण त्यांच्यातलं हिरवं गेलेलं, नुसत्या शिरा उरलेल्या. हवेत धागे लोंबत होते आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक काळपट अळी. सगळं जंगल असं नसतं, वृंदा म्हणाली. ही अळी कायम इथेच असते, पण थोडी असते तेव्हा कोणाला दिसत नाही. पावसाबरोबर सागाला कोवळी पानं फुटतात, पतंग थव्याने येऊन अंडी घालतात आणि एखाद्या तुकड्यात अळ्यांचा नुसता कहर होतो. मग पक्षी, गांधीलमाशा, मुंग्या, अळ्यांचे रोग मागून वाढतात आणि संख्या परत खाली येते.

"मग अळ्या एकदाच मारून का टाकत नाही?" मी विचारलं. निवृत्त झाले तरी गणित सोडवून मोकळं व्हायची सवय गेलेली नाही.

"फवारणीत अळ्यांना खाणारेही मरतात. पुढच्या खेपेला पतंग परत येतात, ते उडून येतात. खाणारे तेवढे लवकर येत नाहीत. मग दुप्पट फवारा. अळ्या संपवायच्याच नाहीत, ताई. थोड्या राहिल्या पाहिजेत."

ज्या तुकड्यात ती काम करत होती तिथे कडेला जुने आंबे होते. आंब्यावर लाल मुंग्यांची घरं, पानं एकमेकांना शिवून केलेली. आमच्याकडे यांना ओंबील म्हणतात आणि आंबे काढताना शिव्या देतात, नाहीतर काठीला चिंधी पेटवून घरं जाळतात. इथे माटा म्हणतात आणि वाटून चटणी करतात. वृंदाने या मुंग्यांसाठी आंब्यापासून सागापर्यंत आणि एका सागापासून दुसऱ्यापर्यंत काथ्याच्या दोऱ्या बांधल्या होत्या. मुंग्या जमिनीवरून जायला कंटाळतात, दोरी दिली की भराभर निघतात. प्रत्येक दोरीच्या टोकाला ओळखीसाठी लाल पट्टी बांधलेली होती. एका दोरीवरून दहा-बारा मुंग्या मिळून एक अळी ओढत घरी चालल्या होत्या आणि समोरून येणाऱ्या त्यांना वाट देत होत्या. डोक्यावर पानं हिरवी होती. कडा कुरतडलेल्या, पण हिरवी. मी छत्री मिटली.

मेश्रामकाका दूर उभे राहून पाहत होते. "मी घरी मुंग्यायले पावडर टाकून राहिलो आन् ही पोट्टी त्यायले पूल बांधून देऊन राहिली," ते मला म्हणाले.

इथे समारूची ओळख करून द्यायला हवी. तो याच गावचा, पन्नाशीचा, या तुकड्याचा राखणदार. दोऱ्या त्यानेच बांधलेल्या, कारण वृंदाला झाडावर चढता येत नाही. लागवडीच्या पलीकडे ओढ्याकाठी अर्जुनाची झाडं आहेत. त्यांच्यावर गावातली काही घरं कोशाचे किडे पाळतात, रेशमासाठी. त्या रेशमाला इथे कोसा म्हणतात. समारूचं घर त्यांतलंच. त्या बाजूला दोऱ्या नाहीत, कारण माटा कोशाच्या अळ्याही सोडत नाहीत. आणि फवारणी झाली तर वाऱ्याने औषध त्या झाडांवर जाणार, म्हणजे त्या मोसमाचा कोसा गेला.

फवारणीचा विचार चालू होता. अमावास्येनंतर दोन दिवसांनी वनखात्याचे वरिष्ठ साहेब पाहणीला येणार होते. दोऱ्यांच्या तुकड्यात फरक दिसला तर फवारणी थांबणार होती आणि वृंदाचं काम पुढे चालणार होतं. नाही दिसला तर पंप येणार होते. वृंदा हे सांगताना पानांकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशीही तिने असंच केलं होतं.

निघताना तिने दोरीवर हात ठेवून समारूला सांगितलं, "दादा, पंप आपला औज़ार नाही. यही हमारा औज़ार है. तीन दिन अच्छे से सँभालना."

"हव, दीदी," समारू म्हणाला. हव म्हणजे हो.

त्याने आम्हाला घरी नेऊन पाणी दिलं आणि हरेलीला जेवायला यायचं कबूल करून घेतलं. घर नीटनेटकं, सारवलेलं. गोठ्यात मोटारसायकल उभी होती आणि भिंतीला जुना नांगर टेकवलेला होता. बैल कुठे म्हणून विचारलं तर भाड्याचा ट्रॅक्टर येतो म्हणाला. आम्ही जवळच्या विश्रामगृहात मुक्काम केला. अमावास्या इकडेच होणार हे ठरलेलं होतं, म्हणून जवळा बरोबर आणलेला होता.

हरेली

सकाळी विश्रामगृहाच्या खानसाम्याने दारावर कडुनिंब लावला, आणि मी जवळा बाहेर काढल्यावर दोन पावलं मागे सरकला. श्रावणात माझ्या चुलीवर मासळी चढणार नाही, असं त्याने हात जोडून सांगितलं. आमचा श्रावण उद्यापासून आहे, आज अजून आषाढ आहे, हे मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. महिना एकच, अमावास्या एकच, आणि तरी श्रावण वेगळा, हे त्याला पटेना. मेश्रामकाकांचा चेहरा पाहवत नव्हता. जवळा परत बॅगेत गेला.

दुपारी समारूकडे निघालो. गावात चिखल भरपूर होता आणि त्यातून मोठी माणसं गेड्यांवर चढून चालत होती. दोरीला रॉकेल लावतात, त्यामुळे प्रत्येक पावलाला रच-रच आवाज येतो. काकांना राहवलं नाही. एकाची गेडी मागून घेतली, चार पावलं ताठ मानेने टाकली आणि पाचव्याला बसले. लागलं नाही. चिखल खोल होता.

मी हसतच समारूच्या अंगणात शिरले. अंगणात मुरूम पसरून त्यावर अवजारं मांडली होती. नांगर, कुदळ, टिकाव, विळे, कुऱ्हाड, सगळं स्वच्छ धुतलेलं, प्रत्येकाला तांदळाच्या पिठाचा हात आणि वर लाल टिळा. समोर उदबत्ती आणि गुळाचे चीले. चीला म्हणजे आपलं घावन, फक्त जाड. आणि या सगळ्याच्या मधोमध, मानाच्या जागी, काथ्याच्या दोरीची मोठी वेटोळी होती. प्रत्येक दोरीच्या टोकाला लाल पट्टी. पट्टीच्या बाजूला दोरीवर लाल टिळा.

मला आधी कळलं नाही, मग कळलं. मी वृंदाकडे पाहिलं. तिला माझ्या आधी कळलेलं होतं.

"दादा, ये रस्सी?" तिने विचारलं.

"धो डारेंव, दीदी. तरिया में, साबुन लगा के," समारू आनंदाने म्हणाला. तरिया म्हणजे तळं. काल संध्याकाळी एकेका झाडावर चढून त्याने सगळ्या दोऱ्या सोडवल्या होत्या. "तें कहे रहे न, यही हमर औजार हे. आज हरेली हे. औजार ला आराम दे बर परथे." अवजाराला विश्रांती द्यावी लागते, असं त्याचं म्हणणं.

मला राग आला. इतका की मराठीत काहीतरी बोललेही, ते इथे लिहीत नाही. दीड दिवसाने पाहणी, आणि मुंग्यांचे रस्ते तळ्यातल्या साबणाने धुतलेले. मुंग्या वासावर चालतात हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं गेलं होतं. त्यांच्यासाठी ही दोरी आता कोरी होती.

वृंदा म्हणाली, "आत्ताच बांधूया का, दादा?"

समारूचा चेहरा उतरला. आज नाही, तो म्हणाला. आज ज्या अवजाराला हात लावला ते वर्षभर साथ देत नाही. तुम्ही सांगत असाल तर उद्या बांधतो, पण आज नाही. त्याची बायको आतून चील्यांची थाळी घेऊन आली होती आणि दारातच थांबली होती.

वृंदा ओसरीवर बसली. "उद्या सकाळी बांधू," ती म्हणाली आणि चीला घेतला. आम्ही सगळे बसलो. चीला छान होता, गूळ नवा होता, आणि मी तो कसा खाल्ला मला आठवत नाही.

परत येताना मी तिला विचारलं, की तू जोर का केला नाहीस. नोकरी तुझी आहे. फवारणी झाली तर कोसाही त्यांचाच जाईल.

"मी बांधायला लावल्या असत्या तर त्या माझ्या दोऱ्या झाल्या असत्या," ती म्हणाली. "आत्ता त्या त्याच्या आहेत. मी वर्षभर इथे नसते, तो असतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण भीती वाटतेय, ताई." मी तिचा हात धरला. शाळेतून आणताना धरत असे तसाच, मनगटाला.

जवळा

सकाळी समारूने दोऱ्या बांधल्या. मुंग्या आंब्यावरून दोरीच्या टोकापर्यंत आल्या, मिशा हलवल्या आणि परत फिरल्या. आम्ही झाडाखाली उभं राहून पाहत होतो. ज्या सागांवर मुंग्यांची स्वतःची घरं झाली होती तिथलं ठीक होतं. पण कडेच्या ओळीत अजून घरं नव्हती, तिथे मुंग्या दोरीवरूनच येत-जात होत्या, आणि त्या ओळीत अळ्या चढलेल्या दिसत होत्या. वरून बारीक रिमझिम सुरू झाली होती. छत्री मी या वेळी उघडली नाही, बरं दिसलं नसतं.

"काहीतरी खायला लावलं पाहिजे दोरीवर," वृंदा म्हणाली. "मांस, मासळी, काहीही."

समारूने हात जोडले. सावन चालू, गावात कोणाकडे मासळी नाही. मग एकाच वेळी वृंदाने माझ्याकडे पाहिलं, मी मेश्रामकाकांकडे पाहिलं आणि काकांनी आभाळाकडे पाहिलं.

"नाही वो," काका म्हणाले. "सगळीच नका लावू."

सगळीच लावली. लाल पट्ट्या ज्या जुन्या साडीच्या होत्या तिच्याच चिंध्यांत चिमूट चिमूट जवळा बांधून दोरीला लटकवला. समारूची बायको गाठी मारत होती, मी अंतर मोजत होते. समान अंतरावर बांधायचा माझा आग्रह होता आणि तो कोणालाच पटत नव्हता, पण मोठी म्हणून मला कोणी काही बोललं नाही. समारू शिडीवर. माटा त्याला चावत होत्या आणि तो हाताला चोळून पुढची गाठ घेत होता. काल त्याच्यावर आलेला राग माझ्याजवळ आता शिल्लक नव्हता.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक मुंगी दोरीवर आली, पहिल्या चिंधीपर्यंत गेली, परत गेली. आम्ही डबा उघडून जेवलो. जेवून पाहिलं तर पाच-सहा होत्या. संध्याकाळपर्यंत त्या दोरीवर रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात गुहागरचा जवळा होता.

"माही सुकट खाऊन राहिल्या लेकाच्या," मेश्रामकाका म्हणाले. पण ते शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत, आणि अंधार पडायच्या आधी चार दोऱ्या अजून रिकाम्या आहेत हे त्यांनीच दाखवून दिलं.

पाहणी

साहेब सकाळी आले. बारीक अंगाचे, चष्मा, पायात रबरी बूट. बरोबर दोन-तीन माणसं, त्यांच्या तोंडाला रुमाल. साहेबांनी दोरीजवळ वाकून पाहिलं.

"ये क्या ले जा रही हैं?"

अळी म्हणून सांगता आलं असतं. काही मुंग्यांच्या तोंडात तोपर्यंत अळ्या होत्याही.

"सूखा झींगा, सर," वृंदा म्हणाली. "कल हमने बाँधा है. परसों रस्सियाँ उतरी हुई थीं."

"क्यों?"

समारू तिच्या मागे हात बांधून उभा होता. त्याने तोंड उघडलं, पण वृंदा आधी बोलली. "हरेली थी, सर. हमारे प्लॉट के औज़ार यही हैं. उतरे, धुले, पूजा हुई." मग तिने साहेबांना हिरव्या भागाकडे न नेता सरळ कडेच्या ओळीकडे नेलं, जिथे पानांना भोकं पडली होती. "ये उसी का नुकसान है. पहले ये देख लीजिए."

साहेबांनी त्या ओळीतलं एक पान तोडलं. मग आतल्या झाडाचं एक. मग चालत दोऱ्या नसलेल्या तुकड्यात गेले आणि तिथलं एक आणलं. तिन्ही पानं त्यांनी हातात शेजारी शेजारी धरली. एक भोकं पडलेलं, एक हिरवं, एक नुसत्या शिरांचं. माझ्या मनात आलं, की पक्ष, साध्य, सिद्धता सगळं हातात आहे, या माणसाला आता भूमिती आली तर बरं.

"डेढ़ दिन में इतना?" त्यांनी पहिलं पान वर करून विचारलं.

"हाँ, सर."

"मतलब रस्सी थी तो बचा हुआ था."

"जी."

ते दोरीवरच्या लाल टिळ्याकडे बघत राहिले. धुतलेल्या काथ्यावर तो अजून दिसत होता आणि मुंग्या त्याच्यावरून सरळ जात होत्या. "हमारे यहाँ माँ सिलाई मशीन उतारती थीं हरेली में," ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. मग आवाज बदलून, "कोसा उतरने तक इधर स्प्रे नहीं होगा. उसके बाद फिर देखेंगे. बाकी ऑफ़िस में." आणि पायातले बूट झटकत गाडीकडे गेले. एक माटा बुटात शिरली होती.

गाडी गेल्यावर वृंदा झाडाखाली बसली आणि रडली. काका घाबरले. "काहून रडून राहिली वो? झालं न आता?" ती मान हलवत राहिली. समारूला काय करावं कळेना. तो जाऊन पाणी घेऊन आला.

गुहागर

परतीच्या प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. बॅगेला वास राहिला होता, जवळा नव्हता.

पोळ्याच्या दिवशी मी वृंदाला फोन केला. आपल्या आणि त्यांच्या पोळ्याची अमावास्या एकच, या बाबतीत वाद नाही. मी आधी पानांचं विचारलं.

"पानं आहेत," ती म्हणाली. अळ्या कमी झाल्या होत्या. गेल्या नव्हत्या, पण कमी झाल्या होत्या. कोसा उतरायला अजून थोडे दिवस होते.

"आणि दोऱ्या? आज परत उतरवल्या नाहीत ना त्याने?"

"नाही. समारू पहाटे शिडी घेऊन गेला. दोऱ्या झाडावरच ठेवल्या आणि एकेका दोरीला टिळा लावला, एकेका टोकाला ठेठरीचा तुकडा बांधला. ठेठरी म्हणजे इथे पोळ्याला बैलांना देतात ते बेसनाचं. माटांनी त्याचे हात फोडून काढलेत, ताई. कोपरापर्यंत सुजलेत. मी विचारलं, आज तर बैलांचा सण, दोऱ्यांचं काय?"

"मग?"

"म्हणाला, मोर घर बइला नइ हे, दीदी."

त्याच्या घरी बैल नाहीत. मी फोन ठेवला. मग परसात गेले आणि आंब्याला टेकवून ठेवलेली, ओंबील जाळायची काठी उचलून आत आणून ठेवली.